डिकीला तेवढा हात लावायचा नाही

गाडी उन्हात धुवू नये. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी पुढचं वाचलं नाही तरी त्याच्या गाडीचं भलं होईल. तापलेल्या पत्र्यावर साबण जागीच वाळतो, त्याचे ओघळ उमटतात आणि मग माणूस रंगाला नावं ठेवतो. दुसरं, गाडीला धुण्याचा सोडा लावू नये. या दुसऱ्या नियमामागे एक लग्न, एक मानी मामा आणि जेजुरीचा खंडोबा आहे. ते सांगणारच आहे, पण क्रमाने.

नव्वदनंतरची ती वर्षं. इंदापूरच्या बाहेर, बारामतीच्या रस्त्याला आमचा रॅम्प होता. सिमेंटचे दोन उंच पट्टे, त्यावर गाडी चढवायची आणि माणसाने खाली शिरून काम करायचं. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, तो ट्रक-ट्रॅक्टरसाठी बांधला होता. ऑइल बदलणं, ग्रीस भरणं आणि मोटर लावून चिखल उडवणं एवढंच काम. धुण्याची त्यांची रीत एकच होती. सोड्याचं पाणी आणि काथ्याचा ब्रश. ट्रकला ते चालतं. ट्रक काही बोलत नाही.

पुढे कॅनॉलच्या पाण्यावर द्राक्षं, डाळिंबं झाली आणि लोकांच्या दारात मोटारी आल्या. एकदा मालकांनी एका डॉक्टरांची काळी मोटार त्याच ब्रशने घासली. उन्हात घेतली तर सगळ्या दारांवर कोळ्याचं जाळं विणल्यासारखे ओरखडे. मी भाकरी घेऊन आले होते. म्हटलं, "गोधडी आन् पैठणी एकाच धोपाटण्यानं बडवतं का कुनी?"

मालक म्हणाले, "मंग तूच धू."

तो टोमणा होता. मी तो हुकूम समजले आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून हजर झाले. तेव्हापासून आमच्या रॅम्पवर दोन खाती. गाडीच्या खालचं मालकांचं, वरचं माझं. लोक यायचे आणि विचारायचे, "वैनी, मालक हायती का?"

"खाली हायती. वरचं काम आसंल तर माझ्याशी बोला."

हळूहळू 'वैनी' जाऊन 'अक्का' झालं आणि लोक थेट माझ्याशी बोलू लागले.

मला हे कुणी शिकवलं नाही. आमचं माहेर अंथुर्ण्याकडचं, मेंढरांचं. लोकर कातरायच्या आधी मेंढरं ओढ्यात धुतात. माझे वडील सांगायचे, आधी नुसतं पाणी घाल, माती आपली आपण सुटू दे, मग हात लाव. घाईने चोळलं तर माती लोकरीत आत शिरते. गाडीचंही तेच आहे. धूळ कोरडी पुसली की प्रत्येक कण पत्र्यावर नांगरट करतो. फरक एवढाच की गाडी लाथ मारत नाही.

आमच्या भागातली घाणही ओळखून घ्यावी लागते. ऊस पेटवला की काळी राख उडून येते. ती फुंकरीने आणि पाण्याने घालवायची, बोटाने नाही. मळीच्या टँकरमागून गाडी आली तर पुढून चिकट ठिपके असतात, त्यांना कोमट पाणी. डांबराचे थेंब रॉकेलच्या बोळ्याने, आणि लगेच साबणाने रॉकेल काढायचं. बोअरचं पाणी मचूळ, म्हणून धुऊन झाल्यावर गाडी आपोआप वाळू द्यायची नाही, थेंबाथेंबाला पांढरं कडं धरतं. बादल्या दोन ठेवायच्या. एकीत साबण, दुसरीत फडकं खळबळायला. बहुतेकांना दुसरी बादली म्हणजे माझी हौस वाटे.

पॉलिश आणि मेण यांतला फरक तर भल्याभल्यांना कळत नाही. मी शेतकऱ्याला सांगायची, "पॉलिश म्हंजी खुरपणी. वरचा मेलेला रंग खरवडून काढायचा. मेण म्हंजी वरनं पाचटाचं आच्छादन. खुरपणी सारखी केली तर पीकच उपटून निघंल. आच्छादन मातर येळच्या येळी पायजे." हे त्यांना लगेच पटे. मेण पातळ लावायचं, धुरकट होऊ द्यायचं आणि मग मऊ कापडाने उतरवायचं. काम बरोबर झालं का हे बघायला तांब्याभर पाणी टाकायचं. अळूच्या पानावर पळतं तसं पळालं पाहिजे.

मऊ कापड म्हणजे जुनं धोतर. त्याला तोड नाही. वर्षानुवर्षं धुऊन त्याचा सगळा ताठा गेलेला असतो. बोहारणीकडून मी निवडून धोतरं घ्यायची. एकदा एक आबा नातवाच्या गाडीबरोबर आले, माझ्या हाताकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "ह्ये धोतर माझं न्हवं का?"

मी म्हटलं, "आसंल, आबा. बोहारणीकडनं घेतलंय."

"आसं व्हय. सूनबाई म्हनती उंदरानं नेलं." आबा काम होईपर्यंत हलले नाहीत. जाताना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमाला. आमच्या कंबरंला आसताना त्ये कधी मोटारीत चढलं न्हाय."

गिऱ्हाइकांचे नमुने सांगत बसले तर अंक पुरणार नाही. एक जण नवी गाडी घेऊन यायचा, पण सीटवरचं प्लॅस्टिक काढू द्यायचा नाही. मीच प्लॅस्टिक पुसून द्यायची आणि तो खूश होऊन त्यावर घसरत घरी जायचा. दुसरा एक जण बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याच्या, आदल्या दिवशी बैलजोडी घेऊन रॅम्पवर आला. म्हणाला, "अक्का, हिंगूळ लावून झालाय, वरनं तुमचं मेण तेवढं फिरवा शिंगांवर." मी आधी हसले, मग लावलं. ऐन मिरवणुकीत पावसाची सर आली, सगळ्या गावाच्या बैलांचे रंग ओघळले, आणि याची शिंगं तशीच लालभडक. पुढच्या बेंदराला रॅम्पवर मोटारींना जागा नव्हती.

आता सोड्याची गोष्ट.

अंथुर्ण्याजवळ वस्ती करून राहणारे एक तात्या होते. भाजीपाल्याचे बागायतदार, स्वभावाने भित्रे. त्यांच्या बायकोला आम्ही सुंदराकाकू म्हणायचो. काकूंचा भाऊ बारामतीचा, अण्णा. तात्यांनी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला अण्णांना फेटा बांधायच्या ऐवजी कुणीतरी टोपी दिली. फेटे संपले होते, एवढंच. पण अण्णा भरल्या पंगतीतून उठले आणि त्यांनी त्या घराचा उंबरा सोडला. त्याबरोबर काकूंचं माहेरही तुटलं. नागपंचमीला वस्तीवरच्या सगळ्या सुना माहेरी जायच्या आणि काकू भाजीच्या पाट्या भरत बसायच्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, "यंदा गवारीचा तोडा हाय." दर वर्षी पंचमीलाच गवारीचा तोडा यायचा.

मग काकूंच्या मुलाचं लग्न ठरलं. मामाशिवाय लग्न कसं लागणार? चार भल्या माणसांनी मध्यस्थी केली. अण्णा आले. या वेळी त्यांच्या एकट्यासाठी फेट्याचं आख्खं ठाण आणून ठेवलं होतं. अण्णा विरघळले आणि लग्न लागल्यावर वरातीसाठी आपली पांढरी अँबॅसिडर देऊन बारामतीला परतले. म्हणाले, "जोडीला जेजुरीला बी ह्यातनंच न्या. मी येऊन घिऊन जाईन."

आमच्याकडे लग्नानंतर नवी जोडी जेजुरीला जाते. तिथे भंडारा उधळतात, म्हणजे हळद. नुसती चिमूटभर नाही, मुठीच्या मुठी. वऱ्हाडाने माणसांवर उधळला, देवावर उधळला आणि राहिलेला प्रेमाने गाडीवर उधळला. परत येताना रिमझिम लागली. सकाळी बघतात तर गाडी पिवळीधमक.

अण्णा त्याच दिवशी यायचे होते. गाडी धुऊनच द्यावी, म्हणून तात्यांचा धाकटा भाऊ पुढे झाला. त्याने बादलीत धुण्याचा सोडा कालवला आणि गाडीवर ओतला.

गाडी लाल झाली. टपापासून डिकीपर्यंत, कुंकवासारखी लाल.

मला हे कळलं ते गाडी रॅम्पवर आली तेव्हा. तात्या गाडीत, मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निम्मं वऱ्हाड. बंपरवर नारळ फोडलेला, बॉनेटवर फुलं, काचेला उदबत्ती अडकवलेली. वस्तीवरच्या बायका पाया पडून गेल्या होत्या. तात्यांच्या तोंडाला मात्र रंग नव्हता. म्हणाले, "अक्का, काय बी करा. अण्णा दुपारच्या यस्टीनं येनार. ही आशी बघितली तर टोपीचं राहील बाजूला."

मी पाइप उचलला, तेवढ्यात ट्रॉलीतून तात्यांची आई उतरली. थोरल्या आजी. "पानी लावायचं न्हाय. देवानं कुंकू घेतलंय."

देवाशी मला वाद घालायचा नव्हता. मी म्हटलं, "आजी, तुमच्या येळंला कुंकू घरी करत हुता का?"

"करत हुतो की. हळदीत चुन्याची निवळी घातली की झालं."

"मंग ह्या गाडीवर हळद कुनाची?"

"देवाची. भंडारा."

"आन् तिला सोडा कुनी लावला?"

धाकटा भाऊ ट्रॉलीमागे सरकला. आजींनी त्याच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, विचार केला. "म्हंजी हळद देवाची, खार ह्या शहान्याचा, आन् झालं कुंकू."

"व्हय."

"मंग कुंकूच झालं की. मी काय निराळं सांगती?"

मी पाइप खाली ठेवला.

सुंदराकाकू ट्रॉलीतून उतरल्या. त्या सासूसमोर येऊन म्हणाल्या, "आत्याबाई, एवढ्या वर्सांनी भावानं माझा उंबरा वलांडला. त्याची गाडी आशी परत गेली तर माझं म्हायेर परत बंद. देव समजून घील. अण्णा घ्यायचा न्हाय."

आजींनी बॉनेटवरची फुलं उचलून पदरात घेतली. मग म्हणाल्या, "पुसा. पर कुंकवाचं पानी पायदळी जाता कामा नये."

झालं. रॅम्पवरचं पाणी गटारात जातं, त्याची आम्ही सोयच तशी केलेली. आता पत्र्याखाली घमेली लावून ते धरायचं आणि कडुनिंबाच्या बुडात नेऊन ओतायचं. हे काम मालकांकडे गेलं. रॅम्प बांधल्यापासून पहिल्यांदाच ते वरच्या खात्यात आले.

एस.टी. स्टँडच्या रसवंतीतून लिंबं मागवली आणि रस पाण्यात कालवून बॉनेटवर, मग दारांवर आणि टपावर फिरवला. लाल रंग बघता बघता पिवळा झाला. ट्रॉलीतून "आई गं" असा एकच सूर उमटला.

आजी म्हणाल्या, "बया, देवाचं कुंकू आंबटाला भ्यालं."

पण लाल गेलं तरी पिवळं राहिलं, आणि खरी पंचाईत तीच होती. त्या गाडीला कित्येक वर्षं मेण लागलं नव्हतं. हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागायची. अशा मेलेल्या रंगात हळद मुरते. हळदीचा डाग उन्हाने उडतो हे लुगडं धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, पण उन्हाला काही दिवस लागतात. आमच्याकडे दुपारची एस.टी. यायच्या आतला वेळ होता. तेव्हा खुरपणी. वरची भुकटीच पॉलिशने काढायची, तिच्याबरोबर हळदही निघणार.

एकटीचं काम नव्हतं. मी ट्रॉलीतल्या बायका खाली उतरवल्या, बांगड्या कोपरापर्यंत चढवायला लावल्या, प्रत्येकीला धोतराचा तुकडा दिला आणि वाटण्या केल्या. नवऱ्यामुलाच्या आत्याला डावी दारं, मावशीला उजवी, काकूंना टप, मला बॉनेट. एका वेळी ताटलीएवढीच जागा घ्यायची, हलक्या हाताने, पत्रा गरम लागला की थांबायचं. नव्या नवरीच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, त्याने ओरखडे उठणार, म्हणून तिला कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसवलं. तिला वाटलं सासरी फार मान आहे.

इतकी शिस्तीची माणसं मला पुन्हा मिळाली नाहीत. एकमेकींच्या दाराकडे बघून चुरस लागली. "तुमच्या बाजूला अजून पिवळं दिसतंय वो." "तुमचं बघा आधी, आत्याबाई, माझ्यात तोंड दिसतंय." पांढरा रंग असा उघडा पडत गेला, जशी सोललेल्या लसणाची पाकळी. त्यावर मी मेण फिरवत गेले. बॉनेट झालं, दारं झाली. सुंदराकाकू स्टुलावर उभ्या राहून टपावरचं पिवळं उतरवत होत्या. डिकीला अजून कुणी हात लावला नव्हता. ती तशीच लाल होती.

तेवढ्यात रस्त्यावरून अण्णा आले. तात्यांच्या घरी चौकशी करून थेट इंदापूरची एस.टी. धरली होती. फेटा, हातात पिशवी. ते गाडीसमोर थांबले.

"ही माझीच हाय का?"

बायका बाजूला सरकल्या. अण्णांनी वाकून बॉनेटमध्ये बघितलं, त्यात बघून फेटा नीट केला आणि खुशीत गाडीभोवती फिरायला लागले. एक दार, दुसरं दार. तात्या त्यांच्या मागोमाग, मध्ये उभं राहून डिकी झाकता येईल का या विचारात. पण तात्या बारीक, डिकी मोठी.

अण्णा डिकीपाशी थांबले.

"अण्णा, आमचं चुकलं," तात्या म्हणाले. "पोरानं..."

आजींनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "देवानं कुंकू घेतलं हुतं. समद्या गाडीवर. ह्या बायांनी पुसून टाकलं. मी नगं म्हनत हुते."

अण्णांनी पायातल्या वहाणा काढल्या, डिकीला दोन्ही हात लावून डोकं टेकलं आणि मग सरळ माझ्याकडे वळले. "पुसलं कशापायी?"

"अण्णा, त्ये..."

"टपावर बी हुतं?"

"हुतं."

"बॉनेटवर?"

"हुतं."

माझ्या हातात मेणाचा डबा, आणि मी एखाद्या चोरासारखी उभी. डाग राहिला म्हणून बोलणी खायची तयारी होती, तो निघाला म्हणून खायची नव्हती.

टपाजवळून सुंदराकाकू म्हणाल्या, "तू रागावशील म्हनून पुसलं, अण्णा."

"देवाच्या भंडाऱ्याला मी रागावंन?"

काकू स्टुलावरून उतरल्या आणि हातातलं धोतर नुसतंच चुरगाळत राहिल्या. अण्णा बहिणीच्या पिवळ्या झालेल्या बोटांकडे बघत होते. मग खाली बघून म्हणाले, "व्हय. एका टोपीपायी एवढी वर्सं बसलो, म्हटल्यावर तुला वाटनारच." मग वहाणा पायात सरकवून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पंचमीला तयार ऱ्हा. न्यायला यीन. ह्याच गाडीनं." आणि मला म्हणाले, "अक्का, बाकी झकास झालंय. डिकीला तेवढा हात लावायचा न्हाय."

त्या दिवसापासून ती गाडी आमच्याकडे नेमाने येऊ लागली. दसऱ्याला एकदा, पंचमीच्या तोंडावर एकदा. पुढून लग्नातल्या नवरदेवासारखी चमकणारी, मागून लाल. सगळं करायचं, डिकी सोडून.

मला मात्र काळजी होती. हळद उन्हात उडते. आज ना उद्या ती डिकी पांढरी पडणार आणि अण्णा म्हणणार, अक्कांनी गुपचूप पुसलं. मी मनाशी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण दर खेपेला बघावं तर रंग जिथल्या तिथे. मालकांना म्हटलं तर ते गाडीखालून म्हणाले, "देव हाय." असेल. पण आयुष्यभर हळदीची लुगडी धुतलेल्या बाईचं तेवढ्यावर समाधान होत नाही.

असंच एका वर्षी, पंचमीचं माहेरपण उरकून अण्णा बहिणीला घरी सोडायला निघाले आणि वाट वाकडी करून गाडी आमच्याकडे घेऊन आले. अण्णा मालकांबरोबर समोरच्या टपरीवर चहाला गेले. काकू उतरून माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अक्का, यंदा जरा फिक्कं आलंय. हळद कमी पडली का सोडा?"

मी त्यांच्याकडे बघितलं. उजव्या हाताचा अंगठा पिवळा होता.

"दर साली तुमी लावता?"

"पंचमीला आन् दिवाळीला. म्हायेरी गेलं की दुपारी समदी आडवी झाली म्हंजी. रंग उडाला तर अण्णाला वाटायचं देव रुसला. मंग त्यो कुनावर रुसंल, सांगता येतं का?" त्यांनी टपरीकडे नजर टाकली. "तुमी टिकायचं काय ते सांगा."

गाडीवर काहीतरी टिकवायचं हाच माझा धंदा. मी सांगितलं. हळद आधी लावा, ओली, आणि मुरू द्या. सोडा नंतर, पातळ, नाहीतर काळपट येतं. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी ठेवायला सांगा, उन्हाला तोंड तेवढं राहू दे. आणि डिकीला मेण मी कधीच लावणार नाही, कारण मेणावर हळद धरत नाही.

अण्णा चहा पिऊन आले. सवयीने डिकीला हात लावून कपाळाला नेला. "बघा अक्का, एवढी वर्सं झाली. हाय तसं हाय."

"व्हय, अण्णा," मी म्हटलं. "चांगलं टिकलंय."

काकू तोवर गाडीत जाऊन बसल्या होत्या, अंगठा मुठीत झाकून. रस्ता रुंद झाला तेव्हा आमचा रॅम्प गेला. त्याच्याही आधी अण्णांनी ती गाडी विकली, आणि शेवटच्या खेपेलाही तिची डिकी लाल होती. बाकीच्या गाडीला मी दर वर्षी जीव ओतून मेण लावलं. ते चांगलं लागलं तरी चार-सहा महिन्यांच्या वर कधी टिकलं नाही.